'जैसे थे' म्हणजे कसं?

न्यायाधीशांनी चष्म्यावरून दोन्ही वकिलांकडे पाहिलं, "पुढील आदेशापर्यंत जैसे थे," असं म्हणाले आणि पुढची फाइल ओढली. मागच्या बाकावर बसलेल्या रफूवालीला वाटलं, आपण जिंकलो.

वाटणारच. शब्द काही परक्या मुलखातले नव्हते. जैसे थे, म्हणजे जसं होतं तसं. आणि होतं कसं? तिच्या खिडकीपुढे मोकळं अंगण होतं, अंगणावर आभाळ होतं. भिंत नव्हती. म्हणजे आता भिंत जाणार. ती उठली, आपल्या वकिलांना हात जोडले आणि बसची वाट न बघता तरातरा चालत घरी निघाली. वाटेत किराणावाल्याला सांगितलं, लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, आणि ज्याच्याशी तिचं धड बोलणंही नव्हतं त्या कुलूपवाल्यालासुद्धा थांबून सांगितलं, "झालं हो माझं काम!"

घराच्या बाजूच्या अंगणात गवंडी थापी धूत होता. तिचा धाकटा भाऊ तिच्याआधीच स्कूटरवरून येऊन पोचला होता आणि प्लॅस्टिकच्या पाइपांच्या ढिगावर बसून चहा पीत होता. पाइप आणि नळ विकणं हा त्याचा धंदा.

"उतरव विटा," ती म्हणाली. "ऐकलंस ना कोर्टात? जैसे थे."

"ऐकलं. म्हणून तर आल्या आल्या काम थांबवलं."

"थांबवलंस ते ठीक. आता उतरव."

भावाने कप खाली ठेवला आणि तो हसला. लहानपणी तिच्या ताटातलं पळवून हसायचा, तसाच. "ताई, जैसे थे म्हणजे आज आहे तसं. मी एक वीट चढवायची नाही, तू एक वीट काढायची नाही. निकाल लागेपर्यंत."

"थे म्हणजे होते, गाढवा! शाळेत काय झोपा काढल्यास?"

"ते घरात गं. कोर्टात थे म्हणजे आहे. विचार तुझ्या वकिलाला."

तिने तिथल्या तिथे वकिलांना फोन लावला. काहीही विचारलं तरी "होईल, होईल" म्हणायची त्यांना सवय होती, म्हणून ती मनातल्या मनात त्यांना होईलसाहेब म्हणायची.

"बरोबर आहे त्यांचं, ताई," होईलसाहेब म्हणाले. "ज्या दिवशी हुकूम होतो, त्या दिवशीची परिस्थिती राखायची."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? अख्ख्या रस्त्याला मी जिंकले म्हणून सांगत आले!"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. काळजी करू नका. होईल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाचा राग आला, वकिलाचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो त्या दोन शब्दांचा. ज्या कोर्टात 'होते' म्हणजे 'आहे', त्या कोर्टात 'माझं' म्हणजे काय असेल कोण जाणे. भिंत तिच्या खिडकीच्या वरच्या चौकटीच्या वीतभर खाली येऊन थांबली होती. आता ती कोर्टाच्या हुकमाने तिथे उभी राहणार होती. काल ती नुसती भावाची दांडगाई होती, आज तिला शिक्का मिळाला होता.

गवंडी चुळबुळत पुढे आला. "बाई, वरचे थर आजच लावलेत. ओले आहेत. आठवडाभर पाणी मारायला लागेल, नाहीतर सिमेंट धरणार नाही. तेवढं मारू द्या."

"पाणी मारल्यावर भिंत आहे तशी राहील की आणखी पक्की होईल?"

"पक्की होईल ना."

"मग बदलली ना ती? एक थेंब मारायचा नाही. जैसे थे!" ती भावाकडे वळली. "कोर्टाचा अवमान होईल. विचार तुझ्या वकिलाला."

भावाने खरंच विचारलं, आणि त्याच्या वकिलानेही घाबरून सांगितलं की कशालाच हात लावू नका. उन्हाचे दिवस होते. वरचे थर भाजून निघाले आणि पाण्यावाचून तसेच वाळले. त्यात तिला फार काही मिळालं असं नाही, पण त्या दिवशी निदान शेवटचा शब्द तिचा राहिला.

खिडकीचं सांगायला हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही बाई, एका खिडकीपायी सख्ख्या भावाला कोर्टात खेचते. गल्लीतले तसंच म्हणत होते.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कापड जळलं, फाटलं, कसरीने खाल्लं की तिथे सुईने नवं कापड विणायचं, उभा धागा वेगळा, आडवा वेगळा, आणि असं की मालकालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. दिसली ती रफू नव्हेच. हे काम उजेडावर चालतं, आणि तेही कुठल्याही उजेडावर नाही. उन्हात कापड चमकतं. बल्बखाली रंग खोटं बोलतात, काळा आणि गडद निळा तर जुळे भाऊ होऊन बसतात. उजेड हवा तो उत्तरेचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा, थंड, खरा. म्हणून तिच्या वडिलांनी, तेही रफूवालेच, उत्तरेच्या त्या खिडकीला टेबल लावलं होतं. नजर सुईवरून उचलली की गज आडवे येतात म्हणून खिडकीचे गजसुद्धा काढून टाकले होते. चोर आला तर येऊ दे, म्हणायचे, नेऊन नेऊन सुई नेईल.

वडील गेले तेव्हा पुढची खोली, टेबल आणि खिडकी तिला आली, कारण धंदा तिने उचलला होता. मागच्या खोल्या आणि अंगण भावाला. वाटणी दोघांच्या मर्जीने झाली होती, भांडण नव्हतं. मग भावाचा पाइपांचा धंदा वाढला. उन्हात पडून पाइप तडकायला लागले, त्याला गोदाम हवं झालं. हेही खोटं नव्हतं. त्याने आधी विचारलं असतं, भिंत जरा पलीकडे घेतली असती, तर तिने स्वतः गवंड्याला चहा करून दिला असता. पण ती आजारी मावशीला भेटायला गेली आणि परत येऊन बघते तर खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत छातीएवढी वर आलेली. पाठ फिरण्याची वाट बघून बांधलेली भिंत. तिला भिंतीपेक्षा ते जास्त लागलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं सांगायला मग एकेक जण येऊन गेला. ज्या कोणा शहाण्याने हे पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या खिडकीसमोर कोणी भिंत घातली नसावी. ती पायरी चढली. पण ती ज्या वेगाने चढली, त्या वेगाने तिथे पुढे काहीच झालं नाही.

दिवाणी कोर्टात कोणी ओरडत नाही, कोणाला बेड्या नसतात, आणि कोणाला घाईही नसते. तिथे माणसं भिंतीला टेकून म्हातारी होतात. पुकारा व्हायचा, ती उभी राहायची. कधी भावाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला, कधी होईलसाहेबांचा घसा बसलेला, कधी साहेब रजेवर. तारीख मिळायची. पुढच्या तारखेला ये रे माझ्या मागल्या. साक्षीची वेळ आली आणि न्यायाधीशांची बदली झाली. नवीन न्यायाधीश बाई आल्या, त्यांनी सगळी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. त्यात त्यांचा दोष नव्हता. दोष कधीच कोणाचा नसायचा, हीच तर त्या जागेची खुबी. राग काढायला समोर एक तोंड मिळत नसे.

भाऊ-बहीण एकाच घरातून निघायचे, एकाच रस्त्याने जायचे, एक या बाजूने, दुसरा त्या बाजूने. दावा लावणारी म्हणून ती वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. भाऊ दारात स्कूटर पुसत असला की म्हणायचा, "या, वादीबाई. निघालात?"

"तुला काय करायचंय रे, प्रतिवाद्या?"

एवढंच काय ते त्यांचं बोलणं उरलं. एकदा कोर्टाने दोघांना मध्यस्थीच्या खोलीत पाठवलं. गोल टेबल, पाण्याचा जग, आणि अतिशय गोड बोलणारे एक मध्यस्थ. "थोडं तुम्ही सोडा," ते तिला म्हणाले, "थोडं ते सोडतील."

"मी वर एक जाळी ठेवतो," भाऊ म्हणाला. "हवा येईल."

"हवा कोण मागतंय? मी हवेने विणते का?"

"ताई, थोडं समजून घ्या," मध्यस्थ म्हणाले. "दोघांनी अर्धं अर्धं..."

"एक डोळा त्याला काढून देऊ का? म्हणजे अर्धं अर्धं होईल."

मध्यस्थांनी पाण्याचा जग तिच्यापुढे सरकवला आणि 'तडजोड होऊ शकली नाही' असं लिहून टाकलं.

भावाचंही घोडं तिथेच अडलं होतं. भिंतीवर छप्पर घालता येईना, पाइप उन्हातच. पण त्याचे पाइप तडकले तर तो नवे आणत होता. तिचे डोळे कुठून आणायचे? वीतभर फटीतून येणारा उजेड टेबलापर्यंत पोचेपर्यंत दमून जायचा. तिने बल्ब लावला, मग दुसरा लावला, मग पांढरी ट्यूब लावली. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी यायचं, सुईच्या नाकात दोरा तीन तीनदा चुकायचा. वडील सत्तरीतही पहिल्या फटक्यात ओवत होते. ती बल्बखाली कोपर टेकून बसायची आणि भिंतीला शिव्या घालायची, मोठ्याने, पलीकडे ऐकू जावं म्हणून.

आता गंमत अशी की तिची निम्मी गिऱ्हाइकं कोर्टातलीच. वकिलांचे काळे कोट लाकडी खुर्च्यांच्या खिळ्यांना अडकून फाटतात, आणि नवा कोट घेण्यापेक्षा रफू बरी. लॉन्ड्रीवाला गठ्ठा बांधून आणायचा, कोणाचा कोणता ते तिला माहीतही नसायचं. रफूला दोरा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढतात. एका जुन्या कोटाच्या शिवणीत मात्र दोराच उरला नव्हता. तिने चिंध्यांचा डबा उपसला, बल्बखाली धरून एक काळी चिंधी निवडली, तिचे धागे सोडवले आणि कोपरावरचं भोक विणून काढलं. ट्यूबखाली तिला स्वतःलाही ते दिसेना. चांगलं झालं म्हणून तिने कोट घडी करून दिला.

शेवटी एकदाची तिच्या साक्षीची तारीख खरोखरच साक्षीची तारीख निघाली. ती पिंजऱ्यात उभी राहिली. भावाचा वकील उलटतपासणीला उठला. उंच, गोरा, आवाज असा की सगळ्यांना आपलं काहीतरी चुकलंच असं वाटावं.

"तुमच्या खोलीत वीज आहे?"

"आहे."

"बल्ब आहे?"

"आहे."

"म्हणजे खोलीत अंधार नाही."

"अंधार नाही. उजेडही नाही."

मागे कोणीतरी हसलं. वकिलाने मान हलवली, जणू पोर बोबडं बोललं. "भिंत झाल्यावर तुमचा धंदा बंद पडला?"

"नाही."

"गिऱ्हाइकं येतात?"

"येतात."

"कामं होतात?"

"होतात. पण नीट होत नाहीत."

"असं तुम्ही म्हणता." तो न्यायाधीश बाईंकडे वळला. "आजच्या काळात शस्त्रक्रियासुद्धा दिव्याखाली होतात, आणि या बाईंना कोट शिवायला आभाळ हवंय." बोलता बोलता त्याने हात उंच केला. कोर्टाच्या खिडकीतून एक उन्हाचा पट्टा आत येत होता. त्या पट्ट्यात त्याचं कोपर आलं.

तिने पाहिलं. काळ्या कोपरावर नखाएवढा निळा डाग. विणकाम एकदम सफाईदार, धागा धाग्याला धरून, आणि रंग ढळढळीत निळा. ते काम तिच्याच हातचं होतं. आईला आपलं पोर गर्दीत ओळखू येतं तसं तिने ते ओळखलं, आणि तिला घाम फुटला. हा माणूस किती दिवस हा कोट घालून फिरतोय? किती जणांनी उन्हात हे कोपर बघितलं? वडिलांनी असं काम केलं असतं तर त्यांना आठवडाभर जेवण गेलं नसतं. हात खाली कर रे बाबा, ती मनात म्हणाली. भिंत गेली खड्ड्यात, तू आधी हात खाली कर.

त्याने हात खाली केला. गप्प बसली असती तर कोणाला कधी कळलंही नसतं. पण वकील तिच्या गप्प बसण्याने फुगला. तो पिंजऱ्याजवळ आला आणि एकेक शब्द मोजून टाकला, "बाई, एक तरी गिऱ्हाईक दाखवा, ज्याचं काम या भिंतीमुळे बिघडलं. एक!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. खोलीत तिची गिऱ्हाइकं बसली होती, ओळीने, काळ्या कोटात. आज बोललं की उद्या गठ्ठा बंद. नाही बोललं की भिंत राहणार. आणि हा माणूस तिने विणलेल्या बाहीचा हात तिच्याच तोंडासमोर नाचवत होता.

"तुम्हीच," ती म्हणाली.

"काय मी?"

"गिऱ्हाईक. उजवं कोपर बघा. काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याची रफू आहे. मी केलीय. असलं घाणेरडं काम मी जन्मात केलं नव्हतं."

वकिलाने कोपर वळवून पाहिलं. ट्यूबलाइटखाली काहीच दिसेना. "बाईसाहेब, यांना भास होतायत."

"इथे दिसणार नाही!" ती आता ओरडलीच. "तेच तर सांगतेय इतकी वर्षं! इथे कोणालाच दिसणार नाही! उन्हात जा!"

"आवाज खाली," न्यायाधीश बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्या वकिलाला म्हणाल्या, "जा बरं तुम्ही खिडकीपाशी."

तो गेला. न जाऊन सांगतो कोणाला? कोपर उन्हात आलं आणि बाकावरचे सगळे काळे कोट मान लांब करून बघायला लागले. बघता बघता एकेक जण हळूच आपापली बाही तपासायला लागला. ते बघणं तिच्याच्याने होईना. तिने मान खाली घातली.

न्यायाधीश बाईंनी स्वतः खुर्चीवरून उठून पाहिलं आणि टंकलेखकाला सांगून ते साक्षीत घातलं. होईलसाहेब बाहेर आल्यावर तिचे हात धरून म्हणाले, "जिंकलो, ताई!"

"माझं नाव घालवून," ती म्हणाली.

लॉन्ड्रीवाल्याचा गठ्ठा त्यानंतर बारीक होत गेला, मग तो यायचाच थांबला. तो बिचारा रस्त्यात दिसला की नजर चुकवायचा. ती मात्र निकालाची वाट बघत राहिली, कारण नाव जाऊन मिळणार काय होतं, तर उजेड, आणि उजेड मिळाला की नाव पुन्हा विणता येईल असं तिने धरलं होतं.

निकाल लागला. भिंतीने वादीचा उजेड अडवला आहे, प्रतिवादीने ती स्वखर्चाने काढून टाकावी. स्पष्ट, सरळ, कोणालाही कळेल असं. तिने तो कागद होईलसाहेबांकडून मोठ्याने वाचून घेतला. "यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ उलटा असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली.

"नाही, नाही. काढून टाकावी म्हणजे काढूनच टाकावी. फक्त त्यांना अपील करता येतं."

"म्हणजे?"

"वरचं कोर्ट."

भावाने अपील केलं. करणारच. वरच्या कोर्टाची इमारत मोठी होती, पायऱ्या जास्त होत्या, आणि न्यायाधीश खरोखर उंचावर बसत होते. वकील उठले, काहीतरी बोलले, खाली बसले. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. न्यायाधीशांनी फाइल मिटली.

"अपिलाचा निकाल लागेपर्यंत जैसे थे."

या वेळी तिला कोणाला विचारावं लागलं नाही. ती बाकावर बसून राहिली. पलीकडच्या बाकावर भाऊ होता, आणि तोही हसत नव्हता. त्याचे केस केव्हा पांढरे झाले ते तिने आत्ता पाहिलं.

"होईल," होईलसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "थोडा धीर धरा. आणि ताई, भिंतीला हात लावू नका हं. हुकूम मोडला तर दिवाणी तुरुंगसुद्धा होऊ शकतो."

"तिथे खिडकी असते का?"

"असते ना."

"उत्तरेला?"

त्यांना वाटलं, ती थट्टा करते आहे.

घरी आली तेव्हा भर दुपार होती. खोलीत अंधार होता, भर दुपारी. तिने सवयीने बल्ब लावला, टेबलाशी बसली, सुई घेतली आणि दोरा ओवायला गेली. चुकला. पुन्हा ओवला, चुकला. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. सुई उशीत खोचून ठेवली, नीट, कारण सुई कुठेही टाकायची नाही हे वडिलांनी शिकवलं होतं. मग उठून तिने बल्ब बंद केला.

टेबलाखाली वडिलांची जुनी कोळशाची इस्त्री होती. लोखंडी, दोन हातांनी उचलावी लागायची अशी. ती तिने उचलली, टेबलावर गुडघे टेकले आणि बिनगजांच्या त्या खिडकीतून बाहेर वाकली. भिंत हातभर अंतरावर होती. इतक्या वर्षांत तिने तिला कधी हात लावला नव्हता. इतकी कायद्याने वागली होती ती.

पहिला घाव बसला आणि वरची वीट हलली. दुसऱ्या घावाला सुटली. सिमेंट नव्हतंच ते, कोरड्या वाळूसारखं भुरभुरत खाली आलं. वीट पलीकडे भावाच्या पाइपांवर पडली आणि पाइप पोकळ आवाजात वाजले. तिने दुसरी ढकलली, तिसरी ढकलली. पाण्याचा थेंब न मिळालेले ते थर हाताने सुटत होते, इस्त्री लागतच नव्हती. तिच्या डोळ्यांत धूळ जात होती आणि ती विटेगणिक शिवी देत होती. ही तारखेला. ही बदलीला. ही "होईल"ला. ही त्या निळ्या दोऱ्याला.

मागचं दार उघडलं. भाऊ धावत अंगणात आला, पायात चप्पल एकच.

"ताई! अगं काय करतेस? वेड लागलं का? आजच हुकूम झालाय कोर्टाचा!"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तिला ताई म्हणाला होता. भिंत तोवर इतकी खाली आली होती की दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत होते. तिच्या पाठीमागे टेबलावर उजेड पडला होता, एकसारखा, थंड. मागे वळून पाहावं लागलं नाही, हातावरच्या धुळीचा रंग दिसला त्यावरून तिला कळलं.

"काय हुकूम झालाय?" तिने विचारलं.

"तू होतीस ना तिथे?"

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

भाऊ पडलेल्या विटांकडे बघत म्हणाला, "जैसे थे."

"मग तेच करतेय," रफूवाली म्हणाली आणि तिने पुढची वीट ढकलली.